मधुराचा प्रबंध आणि पावट्याचे दोन डबे

किस्से काही ठरवून जमवावे लागत नाहीत. उपासाच्या पिठासारखे ते डब्याच्या तळाशी साठत राहतात, आणि कधीतरी डबा झटकला की घरभर! आमच्याकडे ते साठले मधुरामुळं.

मधुरा आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. मानववंशशास्त्रात पीएचडी करते. विषय असा, की वेगवेगळ्या समाजांत माणसं 'काम' कशाला म्हणतात. तिच्या गाइड मॅडमनी बजावलं होतं, "प्रबंधातलं घरकामाचं प्रकरण पुराव्यानिशी उभं राहिलं तर ठेवू, नाहीतर काढून टाकू." पोरीचा सगळा जीव त्याच प्रकरणात!

*

तिनं आम्हा प्रत्येकाला दोन डबे दिले. एकावर 'काम', दुसऱ्यावर 'आराम'. दर अर्ध्या तासाला मोबाईल वाजणार, तेव्हा जे चाललं असेल त्याचा एक पावटा त्या डब्यात.

आमचे हे रिटायर्ड. पहिल्याच दिवशी सकाळी दहापर्यंत यांच्या 'काम' डब्यात सहा पावटे!

"काका, एवढं काय केलंत?"

"पेपर वाचला."

"तो आराम ना?"

"अगं, अग्रलेखसुद्धा वाचला!"

*

एकदा तिच्याबरोबर मी उचगावला गेले. तिथल्या शांताक्कांनाही तिनं डबे दिले होते. त्या म्हशीची धार काढत होत्या, तेवढ्यात मोबाईल वाजला. बाईंनी हात पुसून पावटा टाकला तो थेट 'आराम' डब्यात.

मधुरा म्हणाली, "अहो, हे तर काम झालं!"

"कशाचं काम? दिसभरात बूड टेकायला मिळतंय ते एवढंच की!"

मधुरानं ते वाक्य वहीत तीनदा अधोरेखित केलं.

*

सासूबाईंचं माहेर शाहूवाडीकडचं. वय ब्याऐंशी, आवाज अजून शिवारातला. मधुरा एकदा जेवताना सांगत होती, "आजी, काही ठिकाणी म्हणे काम आणि खेळ यांना वेगळे शब्दच नाहीत."

आईंचा घास हातातच राहिला. "मग तितं सासवा सुनंला बोलत्यात तरी कशावरनं?"

*

आता मोठा घोटाळा. तीन आठवड्यांचे पावटे मोजायचे म्हणून मधुरानं सगळ्यांचे डबे ओट्यावर आणून ठेवले आणि वही आणायला वर गेली. तेवढ्यात तिला फोन आला, आणि ती तासभर खाली आलीच नाही. इकडे आईंना वाटलं, सूनबाईनं पावटे निवडून ठेवलेत. त्यांनी सगळे एकत्र करून भिजत घातले! दुसऱ्या दिवशी झणझणीत उसळ. ह्यांनी दोनदा वाढून घेतली.

"आजी, तो माझा डेटा होता!"

"मऊ शिजलाय बग. खा."

माझा सोमवार होता, त्यामुळे पुरावा नष्ट करण्यात माझा हात नव्हता एवढंच!

पोर जिन्यात बसून रडली. मी तिला जवळ घेतलं. "पुन्हा मांडू. मी पाच सोमवार बोलते तुझ्या प्रकरणासाठी." नवे पावटे आणले, कोरडे डबे पुन्हा मांडले.

*

पण दुसऱ्या खेपेला गाडी माझ्यापाशीच अडली. पूजा करताना मोबाईल वाजला. ते काम कसं म्हणायचं? आणि आराम तरी कसा? मी तो पावटा देवापुढच्या ताटलीत ठेवला. नैवेद्याचा स्वयंपाक, तोही तिथंच. आईंचे पाय चेपताना वाजला, तोही त्यांच्या डोळ्यांदेखत तिथंच. ताटली भरत गेली, माझा 'काम' डबा मात्र अर्धाच.

आई डबा हलवून बघायच्या. "दिसभर घरातच तर असतीस. भरायचा कशानं?"

*

पाचव्या सोमवारी मॅडम स्वतः घरी आल्या. सगळे डबे बघितले. यांचा 'काम' डबा काठोकाठ! माझा उचलला आणि मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

सवयीनं तोंडून निघून गेलं, "काही नाही. घरीच असते."

मधुराचा चेहरा खर्रकन उतरला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात आई भिंत धरत उठल्या. देवघरात गेल्या. ताटली दोन्ही हातांत धरून आल्या आणि सगळी माझ्या डब्यात उपडी केली. डबा भरला, ओसंडला, पावटे टणाटण उड्या मारत सोफ्याखाली गेले, मॅडमच्या चपलेपर्यंत गेले.

आई मॅडमना म्हणाल्या, "पावणं, ह्यो डबा ल्हान हाय. मोठा आणा की!"