कौसाबाईंची फुगडी

कौसाबाई कोणाला नमस्कार करीत नसत. समोर आलेली बाई मनास आली, की त्या दोन्ही हात मनगटाशी एकमेकांवर टाकून पुढे करीत आणि म्हणत, "द्या हात." पहिल्या भेटीत मला त्या हातांचा अर्थ कळला नाही. कुरुंद्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला मी नुकतीच रुजू झाले होते आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन कुलूप उघडण्याची खटपट करीत होते. त्या मदतीला आल्या असाव्यात असे वाटून मी त्यांच्या हातात किल्ली ठेवली.

किल्लीकडे आणि माझ्याकडे त्यांनी आळीपाळीने पाहिले. "हिचं काय करू म्याडम? फुगडी येते का, इचारून राहिले."

येत नाही, असे मी सांगितले. पन्नाशीकडे झुकलेल्या, अंगाने भरलेल्या आणि अनोळखी गावात आलेल्या बाईने याहून वेगळे काय सांगावे, हे मला आजही सुचत नाही.

कौसाबाईंनी तेव्हा साठी ओलांडली होती. रुंद बांधा, कपाळावर मोठे कुंकू आणि आवाज असा, की त्या परसात बोलल्या तरी माझ्या खोलीतले वाक्य मध्येच तुटत असे. घरामागे त्यांचे खळे होते. उन्हाळ्याच्या तोंडी तिथे हळद शिजे, वाळे आणि पोत्यांत भरून वसमतच्या बाजारात जाई. एरवी ते खळे झाडून सारवून मोकळे असे. या मोकळ्या जागेचे त्यांनी जे केले, त्यामुळेच मी त्यांच्याविषयी लिहायला बसले आहे.

त्यांना शुगर होती. या आजाराची नव्हे, तर त्याच्या शेवटाची त्यांना भीती वाटत असे. आखाडा बाळापूरला दिलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीचा पाय शुगरमुळेच कापावा लागला होता आणि पुढे ती ओसरीतल्या बाजेवर पडून राहिली ती अखेरपर्यंत. तिचे करायला कौसाबाई जाऊन राहिल्या होत्या. त्याविषयी त्या फार बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, "बाजंवर मानूस मरत न्हाई माय, नुसतं बघत ऱ्हातं. कोन आलं, कोन गेलं, कुनी पानी न देताच उंबरा ओलांडला. मला देवानं काय बी द्यावं, बाज नगं."

वसमतच्या तरुण डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी पळायला सांगितले होते. पळणे जमत नसेल तर भरभर चालायला. "पळू?" त्यांनी डॉक्टरांना विचारले होते. "काहून? मागं काय कुत्रं लागलंय का माज्या?" पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या मुली पहाटे वसमत रस्त्याने धावत. त्यांचे कौसाबाईंना कौतुक होते. "त्या पोरी नौकरीच्या मागं पळतेत. म्या कशाच्या मागं पळू, तुमीच सांगा." शाळेच्या क्रीडादिनी सर्वांत शेवटी पोहोचल्यावर टाळ्या मिळवणारी मुलगी मी होते. मला हे म्हणणे अगदी बरोबर वाटले.

चालून मात्र त्यांनी पाहिले होते. आमच्या गावात बाई रस्त्याने चालते ती कुठेतरी जाण्यासाठी. काहीच काम नसताना, हातात पिशवी नसताना फाट्यापर्यंत जाऊन परत येणारी बाई कोणी पाहिलेली नव्हती. पहिल्याच दिवशी दर दहा पावलांवर कोणीतरी मोटारसायकल थांबवू लागले. "काकू, कुठं निघाल्या? बसा मागं." नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते, पुतण्यासारख्या मुलाला नाराज कसे करायचे? त्या बसत. फाट्यावर उतरत. तिथून दुसरा कोणी त्यांना घरी आणून सोडी. "आठ दिस व्यायाम केला," त्या सांगत, "पेट्रोल लोकायचं जळलं, शुगर माजी तितंच."

त्यानंतर त्यांना फुगडी आठवली.

आपल्याकडे फुगडी पंचमीची, महालक्ष्म्यांची. आणि तीही लेकीसुनांची. नातवंडे झालेल्या बाईने बारा महिने, रोज दुपार कलली की चहाच्या आधी फुगडी खेळावी, हे गल्लीला विचित्र वाटले. शेजारच्या अनसूयाबाई भिंतीवरून म्हणाल्या, "पंचमी कवाच गेली वं कौसे. आता कशाची फुगडी?"

"माज्या पायाची," कौसाबाई म्हणाल्या. "ये इकडं. भितीवर लोंबकळून तुजं वजन कमी व्हायचं न्हाई."

सून संगीता सुरुवातीला लाजेने घराबाहेर येईना. तिला त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून हाक दिली, "सूनबाई, सासू बाजंवर पडली तर उचलशील का? न्हाई ना? मंग दे हात." संगीता हसत बाहेर आली. अनसूयाबाई भिंत सोडून दारातून आल्या. आणि एका संध्याकाळी, कोणी पाहत नाही अशी खात्री करून, मीही गेले.

खळ्याच्या कडेला सगळ्यांच्या चपला रांगेने काढून ठेवलेल्या असत. मी माझ्याही काढल्या. पायाला पाय जुळवून, हातांची अढी घालून मागे झुकायचे, एवढे तंत्र मला पुस्तकी रीतीने ठाऊक होते. पण झुकणे मला जमेना. आपले सगळे वजन दुसऱ्याच्या हातावर सोपवायचे, या कल्पनेनेच माझी कोपरे आखडत.

"टाका वजन," कौसाबाई ओरडल्या.

"तुम्हाला पेलणार नाही, मावशी."

"मला न पेलायला तुमी काय हळदीचं पोतं हायत? टाका म्हन्ते! तुमचं माज्यावर, माजं तुमच्यावर. एकीनं हात राखला की दोगी बी आपटल्या."

मी डोळे मिटून मागे झुकले. खळे फिरले, भिंत फिरली, आकाश पिवळट रेघेसारखे ओढले गेले. थांबलो तेव्हा दोघींना श्वास पुरत नव्हता आणि मी इतक्या मोठ्याने हसत होते, की तो आवाज माझाच आहे हे मला पटेना. व्यायामाने असे काही होते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते.

पुढे आमचा तो क्रमच झाला. गुडघे बरे असतील त्या दिवशी उभी फुगडी, अंगात फारच उत्साह असेल तर बसफुगडी, आणि कोणाचे काही दुखत असेल तर नुसता टाळ्यांचा झिम्मा. कौसाबाईंचा एकच नियम होता: मोजायचे नाही. "मोजलं की मजुरी झाली," त्या म्हणत. तीन-चार महिन्यांनी त्यांची शुगर खरोखरच उतरली. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, रोज चालता वाटतं?" त्यावर त्यांनी दिलेले उत्तर वसमतहून येणाऱ्या जीपमध्ये सगळ्यांना ऐकवले गेले: "चालत न्हाई. घुमते."

त्या सुखाच्या दिवसांतल्या दोन गोष्टी मला आता वेगळ्या दिसतात. एकदा त्या बाजारातून घरी आल्या त्या एकाच पायात चप्पल घेऊन. दुसरी वाटेत कुठे गळून पडली, ते त्यांना अंगणात येईपर्यंत कळले नव्हते. संगीताने दाखवले तेव्हा त्यांनी स्वतःच्या अनवाणी पायाकडे परक्यासारखे पाहिले आणि म्हणाल्या, "बघा, फुगडीनं इतकी हलकी झाले, की पाय बी लागंना भुईला." आम्ही पोट धरून हसलो. दुसरी गोष्ट म्हणजे, फुगडी घालताना माझ्या बोटांना टेकलेली त्यांच्या पायाची बोटे ऐन चैत्रातही गार असत. मला तो गारवा आवडे.

डॉक्टरांनी त्यांना अनवाणी फिरू नका, असेही बजावले होते. ते त्यांनी तंतोतंत पाळले होते. रस्त्यावर, शेतात, दवाखान्यात, इतकेच काय परसातही त्या चप्पल घालत. पण खळ्यात चप्पल कशी घालायची? तिथे हळद पडते, धान्य पडते. तिथे लक्ष्मी असते. हा प्रश्न त्यांना पडला नाही, संगीताला पडला नाही आणि दोन पदव्या घेतलेल्या मलाही पडला नाही. डॉक्टरांच्या सांगण्यात खळेही येते, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातच आले नाही.

त्या वर्षी हळद शिजवायला बाभळीचे जळतण आणले होते. हंगाम संपल्यावर खळे झाडले, सारवले. तरी एखादा काटा मागे राहतोच. संध्याकाळी कौसाबाई संगीताशी फुगडी खेळल्या, नंतर माझ्याशी. दम खायला थांबलो तेव्हा संगीता खाली पाहून म्हणाली, "आत्याबाई, हे काय?" सारवलेल्या भुईवर ओल्या, तांबड्या ठशांचे एक गोल रिंगण उमटले होते. आम्ही तिघींनी आपापले तळवे उलटून पाहिले. काटा कौसाबाईंच्या टाचेत पार आत गेला होता.

"दुखलं न्हाई?" संगीताने विचारले.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता.

घरात हळदीला तोटा नव्हता. काटा काढून जखमेत हळद दाबली, वर फडके बांधले. डॉक्टरांना सांगायला त्या तयार नव्हत्या. सांगितले तर ते फुगडी बंद करतील, ही त्यांची धास्ती. दोन दिवसांनी त्या पुन्हा खळ्यात उभ्या राहिल्या. "दुकत न्हाई तर बसून काहून राहू?" फडके रोज पिवळे होई, आणि पिवळ्या रंगाखाली काय चालले आहे ते दिसत नसे. मग एके दिवशी संगीताला वास आला.

नांदेडच्या दवाखान्यात आधी बोटे गेली, मग पाऊल. थोडे दिवस आशा दाखवून अखेर गुडघ्याखाली पाय कापला. त्या घरी आल्या तेव्हा त्यांच्या मुलाने ओसरीत बाज टाकून ठेवली होती. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. त्यांना दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? त्यांनी बाजेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मग दोन माणसांनी त्यांना उचलून तिच्यावर ठेवले.

गल्लीचा निवाडा लवकर झाला. फुगडीने पाय खाल्ला, असे सगळे म्हणू लागले. अनसूयाबाईंनी तर खळ्याकडची वाटच सोडली. मी हे कौसाबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून जपत होते, पण बाजेवरच्या माणसाला सगळे ऐकू येते.

"फुगडीनं न्हाई," त्या एका दुपारी आपणहून म्हणाल्या. "फुगडीनं काय केलं? पायानं सांगायला पायजे होतं मला. दुकला असता तर म्या थांबले असते की." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "इतके दिस वागवलं त्याला. एका शब्दानं बोलला न्हाई."

सांत्वन कसे करावे, ते मला कधीच साधलेले नाही. कृत्रिम पायाविषयी मी चौकशी करून आले होते. ते सांगू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पण जखम भरत नव्हती, शुगर पुन्हा चढली होती आणि दुसऱ्या पायाचा अंगठा काळवंडू लागला होता. ते आम्हा दोघींनाही दिसत होते. पांघरूण त्याच्यावर ओढून घेत त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या म्याडम. चहा घ्या."

पंचमीला संगीताने धीर करून गल्लीतल्या मुली बोलावल्या. सासूला बरे वाटेल, असा तिचा समज. बाज ओसरीच्या कडेला ओढली. मुली अंगणात आल्या, पण कोणी हात पुढे करीना. "खेळा की गं," कौसाबाई म्हणाल्या. "काहून खांबावानी उभ्या राहिल्या?" दोघींनी एक फुगडी घातली. ती संपली तेव्हा कौसाबाईंनी तोंड भिंतीकडे केलेले होते. मुली पाय न वाजवता निघून गेल्या.

मी शेवटची त्यांच्याजवळ बसले ती पोळा होऊन गेल्यावर. त्यानंतर आठवडाभरात त्या गेल्या. दुसऱ्या पायाचा निर्णय तेव्हा व्हायचा होता. मुलगा नांदेडला जायला गाडी पाहत होता, संगीता आत कपडे भरत होती. कौसाबाईंचा चेहरा लहान झाला होता. कुंकू तेवढे पूर्वीएवढेच होते.

एकाएकी त्यांनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले, मनगटाशी एकमेकांवर टाकले आणि माझ्यापुढे धरले.

मी बाजेच्या समोर उभी राहिले आणि हात दिले. माझ्या आधाराने त्या उठून बसल्या, त्यांनी बोटे आवळली, डोळे मिटले आणि त्या मागे झुकल्या, खळ्यात झुकत असत तशाच, काहीही न राखता. सवयीने मीही झुकायला गेले, आणि लगेच थांबले. त्यांच्या सगळ्या वजनाला माझे दोन हातच पुरत होते.

"टाका की वजन," त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"टाकलंय, मावशी," मी म्हणाले, आणि सरळ उभी राहिले.