केलर्स फेरीची तीस नावांची यादी

नाव : अर्डिस हाल्वरसन. वय : एकाहत्तर. उंची : पाच फूट एक इंच, बुटांसह. पद : अध्यक्ष, केलर्स फेरी स्वतंत्र खेळाडू मूल्यमापन मंडळ. पात्रता : अंडी तपासणीचा एकतीस वर्षांचा अनुभव. कार्यक्षेत्र : तिसऱ्या बेसमागची चौथी रांग, खुर्ची क्रमांक नऊ. कर्तव्य : दर एप्रिलमध्ये लीगमधल्या होतकरू तरुण बेसबॉलपटूंची गुणानुक्रमे यादी करून ती स्टेडियमच्या दर्शनी भागी, क्लबच्या परवानगीने, प्रसिद्ध करणे. यादीत तीस नावे असतील. हा आकडा मंडळाने पूर्ण विचारांती निश्चित केलेला आहे. मंडळाचा निर्णय अंतिम असून तो सर्वांवर बंधनकारक राहील.

मंडळाचे सभासद तीन. अर्डिस, तिची धाकटी बहीण मार्लिस, जी प्रत्येक सामन्याची नोंदवही पेन्सिलीने भरते, आणि लोवेल डिकमन, जो पीकविम्याच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि दोन वर्षांपूर्वी लॅपटॉपसकट मंडळात शिरला. बैठक हमरस्त्यावरच्या डायनरमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या टेबलावर. तिथे वीस ते ऐंशी या मापाखेरीज दुसरं माप चालत नाही. खेळाडू शोधत फिरणारे स्काउट हेच माप वापरतात : वीस म्हणजे घरी जा, पन्नास म्हणजे मोठ्या लीगमध्ये खपून जाईल, ऐंशी म्हणजे असा माणूस पुन्हा केव्हा दिसेल सांगता येत नाही. मंडळ हे माप सगळ्यालाच लावतं. डायनरचा रूबार्ब पाय, म्हणजे आंबट देठांचा भाजलेला गोड पदार्थ, पासष्ट. पाद्रीसाहेबांचं प्रवचन पस्तीस, ईस्टरला चाळीस. लोवेलचा नवा गुडघा पंचावन्न, तोही डॉक्टरांची भीड म्हणून.

अर्डिसची नजर अंड्यांवर तयार झाली होती. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं, मनगटाने एक झटका द्यायचा, आत काय हलतं ते बघायचं आणि पुढचं उचलायचं. एकतीस वर्षं तिने हेच केलं. मग कारखान्याने कॅमेऱ्याचं यंत्र आणलं. ते तासाला तिच्या चाळीसपट अंडी बघत होतं. तिला निरोपाला केक मिळाला. केकला तिने पंचेचाळीस दिले. त्यानंतरच्या वसंतात तिने पहिली यादी लिहिली, आणि पॉपकॉर्नच्या खिडकीशेजारच्या भिंतीवर ती लावायला क्लबने परवानगी दिली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

यंदाच्या एप्रिलमध्ये तंटा पहिल्या नावावरून झाला. लोवेलचं म्हणणं, पहिला टकर वेलंड. साडेसहा फुटी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ताशी अठ्ठ्याण्णव मैलांचा चेंडू, क्लबने सही करताना मोजलेले दहा लाख डॉलर. लोवेलच्या पडद्यावर त्याच्या चेंडूच्या फिरक्यांचाही आलेख होता. अर्डिसने पहिलं नाव लिहिलं होतं एलिएझर ऊर्फ एली किंतेरो. व्हेनेझुएलाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, पाच फूट आठ, अख्ख्या टीममध्ये त्याच्याइतकी वाईट बॅट कोणाची नव्हती.

लोवेल पडद्यावरून मान वर न करता म्हणाला, "हजारात दोनशे चौदा फटक्यांची सरासरी. माझी मेलेली सासू दोनशे वीस मारेल."

"तुझी सासू चेंडू मातीत आपटला की कशी बसायची ते बघितलंयस?" अर्डिस म्हणाली. "हा पोरगा हात पुढे करत नाही. अख्खा पुढ्यात येऊन बसतो. चेंडू त्याच्यापाशी आवाज न करता थांबतो. म्हणून पिचर त्याच्यासमोर बिनधास्त टाकतात. तुझा टकरसुद्धा."

मार्लिसने नोंदवही काढली. मागच्या हंगामाच्या शेवटी एली कॅचर असताना टकरने सामन्यामागे दोन रन दिल्या होत्या, दुसरा कोणी असताना सहा. लोवेलने वही नीट वाचली, परत केली आणि नमुना अपुरा आहे असं सांगितलं. पीकविम्यात तो गारपीट झालेल्या शेतकऱ्यांना हेच सांगत असे.

वाद तीन आठवडे चालला. शेवटी लोवेलने अट मांडली. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आत ज्याचा पहिला नंबर वरच्या लीगच्या टीमकडे आधी जाईल, पुढच्या वर्षीपासून यादी त्याची. खाली नावही त्याचंच. मार्लिस बहिणीकडे बघत राहिली. अर्डिसने रूबार्ब पायचा घास संपवला आणि हो म्हणाली. मात्र त्या रात्रीपासून तिला कारखान्यातल्या कॅमेऱ्याची घरघर पुन्हा ऐकू यायला लागली, हे तिने कोणाला सांगितलं नाही.

उन्हाळा टकरचा गेला. दर पाच दिवसांनी तो यायचा, फलंदाज माना हलवत परत जायचे, लोवेल आकडे वाचून दाखवायचा. आपण ही यादी कशी छापणार, रंगीत, तक्त्यांसकट, हेही त्याने सांगून ठेवलं होतं. एलीची सरासरी दोनशे नऊवर आली. पॉपकॉर्नवाली बाई अर्डिसला एक दिवस हळूच म्हणाली, वरचं नाव अजून खोडता येईल, कोणी बघणार नाही. अर्डिसने तिच्या पॉपकॉर्नला चाळीस दिले. एरवी पन्नास देत असे.

ऑगस्टचा शेवटचा रविवार उजाडला. दुपारचा सामना, मक्याच्या शेतांतून येणारी दमट वाफ, हजार-अकराशे माणसं. पाचव्या डावाच्या पूर्वार्धात टकरने तिसरा फलंदाज बाद केला आणि सगळे खेळाडू डगआउटमधल्या बाकांकडे परतले. पायरीवर मॅनेजर उभा होता. तो काहीतरी बोलला आणि डगआउटमध्ये मिठ्या सुरू झाल्या.

मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पायरीवरच्या लीगच्या, गावात याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. सामना चालू असताना वरून फोन येतो, खेळाडूला तिथेच थांबवतात आणि पोरं त्याच्या गळ्यात पडतात. त्या गर्दीच्या मधोमध, सगळ्यांच्या वर डोकं काढून, टकर वेलंड उभा होता.

लोवेल नव्या गुडघ्यावर उठला आणि हात पुढे करून म्हणाला, "अर्डिस, पेन."

यादी लिहायचं काळं जाड पेन तिच्या पर्समध्ये होतं. मार्लिसने नोंदवही मिटली. अर्डिसने पर्स उघडलीसुद्धा. पण डोळे डगआउटवरच होते. तिने मान किंचित कलती केली, दिव्यासमोर अंडं धरल्यावर करायची तशी.

"खाली बस," ती म्हणाली.

"अर्डिस, हरल्यावर इतकं..."

"हात बघ. हात सगळे खाली जातायत. साडेसहा फुटी माणसाला मिठी मारायची तर हात वर जायला हवेत. तुझा टकर मिठ्या घेत नाहीये, देतोय."

लोवेलने बघितलं. टकरच्या छातीच्या उंचीवर, त्या सगळ्या हातांच्या खाली, एक बुटका पोरगा वाकून नडगीवरच्या पॅडचे पट्टे सोडायचा प्रयत्न करत होता आणि कोणी त्याला ते सोडू देत नव्हतं. उत्तरार्धात पहिली बॅटिंग एलीची होती. बॅट घेऊन दुसराच पोरगा बाहेर आला.

लोवेल तरीही उभाच राहिला. पुरावा अपुरा, असं त्याचा चेहरा म्हणत होता. सहाव्या डावात टकर पुन्हा पिचिंगला आला, समोर नवा कॅचर. पहिला चेंडू मातीत आपटून थेट मागच्या जाळीपर्यंत गेला. तिसराही. पाचव्याला टकरने कमरेवर हात ठेवून डगआउटकडे अशा नजरेने पाहिलं, जसं एखादं पोर बस सुटल्यावर रस्त्याकडे बघतं. डाव संपला तेव्हा समोरच्यांच्या चार रन झाल्या होत्या आणि लोवेलचा लॅपटॉप मिटलेला होता.

मग ध्वनिक्षेपकावरून एलिएझर किंतेरोचं नाव पुकारलं. अकराशे माणसं उभी राहिली. दोनशे नऊच्या सरासरीसाठी केलर्स फेरीत एवढा गजर याआधी झालेला नाही. मार्लिस उभी राहून रडत होती आणि रडता रडता नोंदवहीत बदली कॅचरचा क्रमांक लिहीत होती. अर्डिस बसूनच राहिली.

लोवेल लॅपटॉप काखेत मारून म्हणाला, "पंचाहत्तर."

दोन वर्षांत त्याने तिच्या नजरेला साठच्या वर कधी दिले नव्हते.

"ऐंशी का नाही?"

"ऐंशी द्यायला अजून एक हंगाम बघावा लागेल," लोवेल म्हणाला, आणि तिच्यासाठी पॉपकॉर्न आणायला गेला. पॉपकॉर्नला त्या दिवशी तिने साठ दिले.

सामना संपल्यावर एली खांद्यावर बॅग टाकून पॉपकॉर्नच्या खिडकीवरून चालला होता. यादीपाशी थांबला. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्याने आपलं नाव दोनदा वाचलं. फोनने फोटो काढला. मग त्याला तो कागदच हवासा वाटला असावा, कारण त्याने वरच्या कोपऱ्याची टाचणी नखाने उचकटायला घेतली. ज्याला गुण द्यायचे त्याच्याशी बोलायचं नाही, हा अर्डिसने स्वतःला घालून घेतलेला नियम. एकोणीस वर्षांत तो तिने एकदाच मोडला, तो इथे.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

त्या भिंतीत पूर्वी आग विझवायच्या नळीचं कपाट होतं. ते काढल्यावर राहिलेलं भोक पंचवीस नावांच्या कागदाने झाकलं जात नाही. तीस लागतात.