न उचलायचे फोन

ताई गेली तेव्हा तिचे दोन्ही फोन माझ्या पर्समध्ये होते. सिंगापुरात, बुकित बातोकला घराखालच्या मार्केटात मी भेंडी निवडत होते आणि पर्समध्ये काहीतरी वाजलं. हातातली भेंडी टाकली, कारण ती त्या दोन फोनांच्या वाजायची वेळ नव्हती. घाईघाईनं बघितलं तर वाजत होता माझा स्वतःचा फोन. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातून मिलिंदचा, माझ्या नवऱ्याचा. "शुभा, ताई गेली गं..." एवढंच बोलला तो. आणि खरं सांगते, रडू फुटायच्या आधी डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आता दुपारचं काय?

सुजाताताई माझी नणंद, मिलिंदची मोठी बहीण. लोकांच्या नणंदा भांडणं लावतात म्हणे, माझी मिटवायची; तीही बंदूकवाल्यांची. नागपूरची मुलगी, संशोधनासाठी सिंगापूरला आली आणि पुढे एका छोट्या संस्थेत रमली. इथून फार लांब नसलेल्या एका देशात वर्षानुवर्षं यादवी चालू आहे. देशाचं नाव लिहीत नाही. तशी तिची सक्त ताकीद होती, आणि ती गेली म्हणून ताकीद गेली असं मी मानत नाही. तिथे सरकारशी लढणारे गट आपसांतही लढतात, आणि मोठमोठ्या हॉटेलांत भरणाऱ्या शांतता परिषदांना त्या गावांतल्या भांडणांचा पत्ताही नसतो. ताई त्या गावांत जायची. विहीर कुणाची, रस्ता कुणाचा, पकडून ठेवलेली माणसं कधी सोडायची... असल्या गोष्टी मिटवायला. परत आली की वुडलँड्सच्या आपल्या फ्लॅटवर न जाता थेट आमच्याकडे यायची, पिठलं-भात मागायची आणि जेवताना एक शब्द बोलायची नाही. आम्हाला वाटायचं, दमली असेल. आता कळतं, ती घाबरलेली असायची.

शेवटची काही वर्षं तिचा जीव एका पुलात अडकला होता. नदीच्या अलीकडे एक गट, पलीकडे दुसरा. दवाखाना एकीकडे, बाजार दुसरीकडे आणि मधल्या झुलत्या पुलावर दोन्हीकडून गोळ्या. कितीतरी हेलपाटे घालून तिनं दोघांकडून कबूल करून घेतलं, की सकाळपासून दुपारपर्यंत पूल मोकळा, बिनहत्यारी माणसाला कुणी हात लावायचा नाही. पण आमच्या बाजूला सगळं शांत आहे, हे रोज एकमेकांना कळवायचं कसं? दोन्ही कमांडर हटून बसले. आधी तो बोलेल, मग मी. तिथेच घोडं अडलं. तेव्हा ताईला आठवली तिची आई, म्हणजे माझी सासू. ताई सुट्टीवरून हॉस्टेलला पोचली की शेजाऱ्यांच्या फोनवर दोन रिंग द्यायची आणि ठेवून द्यायची. आईचा नियम: वाजला म्हणजे पोरगी पोचली, उचलायचं नाही! बस्स. ताईनं दोन साधे फोन घेतले आणि दोन्ही बाजूंना एकेक नंबर दिला. बायका बाजारातून परतायच्या वेळी दोन्ही चौक्यांनी तिला मिस्ड कॉल द्यायचा. कुणी आधी बोलायचं नाही, त्यामुळे कुणाचं नाक कापलं जायचं नाही. तिनं उचलला नाही म्हणजे सगळं ठीक. उचलला, किंवा तिनं आपणहून फोन केला, तर समजायचं की समोरच्यानं शब्द मोडला.

मग रोज दुपारी ताई जिथे असेल तिथे थांबायची. एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, मधल्याच स्टेशनला उतरायची, हॉकर सेंटरमध्ये जेवायला बसली असली तर ताटावरून हात काढून बसायची. दोन्ही फोन वाजून गप्प झाले की म्हणायची, "पोचल्या गं बाया..." आणि मग घास घ्यायची.

फुप्फुसाच्या दुखण्यानं ती नोव्हेनाला दाखल झाली तेव्हाही फोन उशाशीच होते. एके दुपारी औषधानं तिचा डोळा लागला होता. आता आमच्या मिलिंदची गंमत अशी, की त्याला वाजता फोन बघवत नाही. आयटीतला मॅनेजर, बाथरूममधूनही 'हॅलो' म्हणणारा! पहिला फोन वाजला आणि मी "अरे, नको" म्हणेपर्यंत यानं उचललासुद्धा. "हॅलो?" पलीकडून खाडकन बंद झाला.

ताईनं डोळे उघडले. "मिल्या... काय केलंस रे हे?"

तिनं ऑक्सिजनचा मास्क काढला आणि स्पीकरवर उलट फोन लावला. कुणी घेईना. पुन्हा लावला. शेवटी त्या बाजूच्या कमांडरनं घेतला. मागे आरडाओरडा चालला होता, तो आम्हालाही ऐकू येत होता. ताई इंग्रजीत म्हणाली, "माझ्या भावानं चुकून उचलला. पलीकडे काही झालेलं नाही. पुलावर आत्ता कोण आहे?" तो म्हणाला, "बायका आहेत. पण मागून कोण येतंय, मला काय माहीत?" मग म्हणाला, "भावाला दे." मिलिंद फोनवर वाकला. "का उचललास?" "सर... सवयीनं." मग कमांडर म्हणाला, "फोन ठेवू नका. समोरच्यांचा वाजू दे, मी ऐकतो."

दुसरा फोन वाजत नव्हता. ताई त्यांना फोन करू शकत नव्हती. तिनं आपणहून केला असता तर त्यांनीही बंदुका उचलल्या असत्या. ती दोन्ही फोन छातीवर धरून पडून राहिली, ओठ निळे पडायला लागले, मी मास्क पुढे केला तर तिनं माझा हात ढकलला. नर्स आली, तिलाही तिनं नजरेनंच थांबवलं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नाही. वाज रे बाबा, वाज... एवढंच मी मनात म्हणत होते. आणि वाजला. ताईनं तो पहिल्या फोनजवळ नेला. "ऐकलं," कमांडर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मास्क लावून घेताना ताई भावाला म्हणाली, "फोन वाजला की हात मागे बांधून उभा राहात जा, गाढवा." मिलिंद तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

त्या दिवसापासून फोन तिनं माझ्याकडे दिले; त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. मंडाईच्या स्मशानभूमीत तिच्यासाठी त्रिशरण चालू असताना माझ्या पर्समध्ये दोन्ही फोन वाजले आणि मी वाजू दिले. पुढे संस्थेनं तिच्या जागी आलेल्या माणसाचा नवा नंबर दोघांना कळवला. दोघांनीही, एकमेकांना न विचारता, एकच उत्तर पाठवलं: नंबर तोच राहील. त्यामुळे फोन आमच्या स्वयंपाकघरात आहेत, राईस कुकरशेजारी. काही बिनसलं तर पुढचं बोलणं तो माणूस करणार; रिंग ऐकायच्या आम्ही. मिलिंदनं दुपारची मीटिंग कायमची रद्द करून टाकली आहे.

हे लिहितेय तेव्हा पहिला वाजून गेलाय आणि दुसऱ्याला उशीर होतोय. पानं वाढलेली आहेत, कुणी जेवत नाही. मिलिंद ओट्यापाशी हात मागे बांधून उभा आहे, बोटं एकमेकांत घट्ट अडकवून. मी त्याला बस म्हणत नाही... वाजला. तो पूर्ण वाजू देतो, गप्प होईपर्यंत. मग त्या फोनकडे बघत हळूच म्हणतो, "ताई, पोचल्या गं."