चिनी प्रदर्शनात रडलेला माणूस

रत्नागिरीत चिनी कलाकारांचं प्रदर्शन भरेल आणि त्यात मला पुढच्या रांगेत खुर्ची मिळेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. मुंबईत भरलेलं ते प्रदर्शन किनाऱ्यावरच्या गावांतही न्यायचं ठरलं. समुद्र हा विषय होता म्हणे. इथल्या संयोजकांना 'चीन पाहिलेला माणूस' हवा होता, आणि उभी हयात मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढलेला मी त्यांना सापडलो. मी चीनची बंदरं पाहिली होती म्हणजे क्रेन पाहिल्या होत्या, आणि गेटवरचा शिपाई. पण मानाचं बोलावणं आल्यावर हे कशाला सांगू? इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

हॉलमध्ये भाषणं चालली होती. कलेला सीमा नसतात, दोन प्राचीन संस्कृती, मैत्रीचे पूल, वगैरे. चिनी पाहुणे अधिकारी बोलले, मग आपले बोलले, आणि दोघांची भाषणं अदलाबदल केली असती तरी कुणाला कळलं नसतं. मला त्यात काही नवीन नव्हतं. बोट बंदराला लागायच्या आधी आम्ही धक्क्याकडची बाजू रंगवून घ्यायचो. गंज समुद्राकडच्या बाजूला राहायचा. सगळे देश तेच करतात, आपणही करतो. भिंतींवर काचेचे मनोरे होते, दिव्यांच्या होड्या होत्या, रोबोनं काढलेल्या लाटा होत्या. मी 'वा वा' करत हिंडत होतो आणि चहा कधी येतो ते बघत होतो.

कोपऱ्यात एका पडद्यावर व्हिडिओ चालू होता. आवाज नव्हता. एक बाई जाळं दुरुस्त करत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त हात आणि पाय. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताणलेलं, लाकडी सुई आत-बाहेर चाललेली. गाठ पडली की दोरा दातांनी तोडायला हात वर जायचे आणि पडद्याबाहेर नाहीसे व्हायचे. ही त्या कलाकार मुलीची आई, असं खाली लिहिलं होतं. मुलगी स्वतः आलीच नव्हती. आईचे हात तेवढे पाठवले होते.

माझी आई अशीच बसायची. वडील लवकर गेले, आणि तिनं दुसऱ्यांच्या होड्यांची जाळी सांधून मला आणि माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, वाढवलं. जाळ्याच्या दोरानं अंगठ्याला पडलेली तीच खाच मला पडद्यावर दिसली आणि मी रडलो. डोळे पाणावले वगैरे नाही, चांगला हुंदके देऊन, नाक गळेपर्यंत रडलो. कुणीतरी माझा हात धरला. वर बघतो तर तो पाहुणा अधिकारी, आणि समोर कॅमेरा.

तो फोटो त्यांच्या गुळगुळीत पुस्तिकेत छापून आला. खाली ओळ होती, भारतीय प्रेक्षक भारावला. तिथून कुणीतरी तो मोबाईलवर पुढे ढकलला आणि तो आमच्या आळीत घरोघर फिरला. मासळी बाजारात सुरू झालं, "काय काका, आज बांगडे की नूडल्स?" शेजारचे एकजण मला चिन्यांचे जावई म्हणू लागले. मी वरवर हसायचो आणि घरी येऊन बायकोवर चिडायचो. माझं रडणं उचलून कुणीतरी स्वतःच्या देशाच्या कौतुकाला जोडलं होतं, आणि मी हात हातात देऊन उभा राहिलो होतो, याची लाज होतीच. पण खरी धास्ती ताईची होती. तिचा मुलगा सैन्यात. त्या दिवसांत तो नेमका त्याच सरहद्दीवर होता, पलीकडे चीन. त्याचा फोन आला नाही की ताईच्या घशाखाली घास उतरत नसे. आणि तिचा सख्खा भाऊ चिनी अधिकाऱ्याचा हात धरून रडतोय!

बरेच दिवस मी तिच्याकडे फिरकलो नाही. शेवटी एका सकाळी निघालो, वाटेत वाक्यं जुळवत. मला माहीत नव्हतं, मला पुढे केलं, मी त्या माणसाला ओळखतही नाही. ताई पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी सगळी वाक्यं एका दमात म्हणून टाकली.

"बघितलाय मी फोटो," ती म्हणाली. "तुझ्या भाच्यानंच पाठवलान. हसत होता फोनवर. मामा फेमस झाला म्हणत होता."

मला इतकं हायसं वाटलं की मीही हसलो.

"मी नाय हसले," ती म्हणाली. "काय होतं त्यात एवढं रडण्यासारखं?"

मी सांगितलं. ते हात, तो अंगठा, दातांनी तोडलेला दोरा. आता ही निवळेल असं मला वाटलं, आईचंच तर बोलत होतो. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"आई गेली तेवा तू बोटीवर होतास. नाय येता आलं तुला, ते मी कधी काढलं नाय. पण मी तेवा रडले नव्हते रे. माणसं आली, गेली, दिवसकार्य झालं, मी कोरडीच. म्हटलं, भाऊ येऊ दे, दोघं मिळून रडू. तू आलास. बॅग उघडलीस नि साबणाच्या वड्या वाटायला लागलास. ही तुला, ही शेजारणीला. मी ती वडी हातात घेऊन उभी, नि तू विचारलंस, जेवायला काय केलंयस?"

साबण मला आठवत होते. ती कुठे उभी होती ते आठवत नव्हतं.

"नि आता रडलास," ती म्हणाली. "परक्या बाईचे हात बघून. परक्या माणसाचा हात धरून. फोटो काढून घेत."

चीनचं नाव तिनं एकदाही घेतलं नव्हतं. माझी सगळी जुळवाजुळव फुकट गेली होती. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या पडवीत कळलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. ती कशाची वाट बघतेय ते मला समजत होतं. मीही त्याचीच वाट बघत होतो. मी आईचे हात डोळ्यांसमोर आणले, ती खाच आणली, स्वतःवर जबरदस्ती केली. त्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, न बोलावता आलेलं पाणी इथे येईना. मी मान खाली घातली, निदान तिला माझे कोरडे डोळे दिसू नयेत म्हणून.

थोड्या वेळानं ताईनं सूप परत मांडीवर घेतलं.

"जेवून जा," ती म्हणाली.