एअरपोर्टवरचं मिलिंदचं ‘येस’

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून ऑफिसला जायला आमचं कारपूल आहे: मी, पराग आणि मिलिंद. बर्फ पडला की हायवे तुंबतो आणि मग बोलायला वेळच वेळ! अशा सकाळींमधून मिलिंदच्या अटकेचे किस्से इतके साठलेत की आमच्या बायकांनाही ते पाठ झालेत. सांगतो आम्ही हसत हसत, पण घडताना आम्ही कुणीच हसत नव्हतो, हे आधीच कबूल करतो.

*

मिलिंद तेव्हा नागपूरहून नवा नवा आलेला. एकदा जोरात गाडी हाणताना मागे पोलिसाचे दिवे लागले. आपल्याकडे पोलिसाने अडवलं की आपण गाडी बाजूला लावून, उतरून साहेबांकडे जातो. बसून राहणं म्हणजे माज! मिलिंदही उतरला आणि लायसन्ससाठी मागच्या खिशात हात घालून हसत हसत निघाला.

पोलीस ओरडला, “गाडीत बसा!” याला वाटलं साहेब चिडलेत, म्हणजे जवळ जाऊन समजावायला हवं. हा खिशातून बंदूक काढतोय असं वाटून पोलिसाचा हात पिस्तुलावर गेलाय हे याच्या लक्षातच आलं नाही. थोडक्यात वाचला गाढव! पुढच्या क्षणी हातात बेड्या.

स्टेशनवर बोटांचे ठसे घेणारा म्हणाला, “रिलॅक्स.”

“आय ॲम रिलॅक्स्ड सर! व्हिसासाठी पण दिले होते!”

पुढे कोर्टाने केस डिसमिस केली. यथावकाश ग्रीन कार्डही मिळालं. नागपूरला मात्र त्याने यातलं अक्षरही कळू दिलं नाही.

*

ग्रीन कार्डनंतर पहिल्यांदा भारतात जायची वेळ आली. पराग म्हणाला, “यार, डिसमिस झालं म्हणजे झालंच नाही. परत येताना एअरपोर्टवर ‘कधी अटक झाली होती का?’ असं विचारलं तर सरळ नो म्हण!”

मिलिंदने हे भाबडेपणाने ग्रीन कार्डाचं काम केलेल्या वकीलबाईंना सांगितलं. त्या खुर्चीत ताठ झाल्या. “केस सुटली तरी अटकेची नोंद राहते. विचारलं तर खरंच सांगायचं आणि कोर्टाची शिक्क्याची कॉपी दाखवायची. अटकेतून सुटलात, खोटं बोललात तर त्यातून सुटणार नाही. तुमचे मित्र वकील आहेत?”

“नाही, ब्रेक्स डिझाइन करतात.”

“मग त्यांना ब्रेक्सबद्दलच विचारा!”

*

त्या ट्रिपहून परतताना डेट्रॉइटला मिलिंदला जास्तीच्या चौकशीसाठी आतल्या खोलीत नेलं. सेकंडरी म्हणतात तिला. तिथे फोन वापरता येत नाही. बाहेर त्याची बायको अनघा बॅगांपाशी उभी, आणि लेक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतेय, “मम्मा, इज बाबा इन जेल?”

“नो, ही इज इन लाइन,” अनघा म्हणाली. हे तिनेच आम्हाला नंतर सांगितलं.

आत ऑफिसर कोर्टाचा कागद वाचून चक्रावला होता. “तू गाडीतून उतरलास? का?”

मिलिंद म्हणाला, “टू गिव्ह रिस्पेक्ट, सर.”

सोडलं त्याला!

*

गेल्या वर्षी मिलिंदचे वडील गेले. आई नागपुरात एकट्या पडल्या. त्यांना एकटीने विमानाचा प्रवास जमणारा नव्हता, म्हणजे आणायला यालाच जाणं भाग होतं. वकीलबाई म्हणाल्या, “बहुतेक काही होणार नाही. पण हल्ली कडक आहे, लिहून देणार नाही.” त्या ‘बहुतेक’वर त्याचं घर, नोकरी, लेकीची शाळा सगळं टांगलेलं.

म्हणून आम्ही गाडीतच रिहर्सल घेतली. पराग ऑफिसर झाला. “एव्हर बीन अरेस्टेड?”

“त्याचं काय झालं सर, मी तेव्हा नवीनच—”

“येस ऑर नो!”

“येस, पण पोलीस भला माणूस होता—”

“डिपोर्ट!” पराग ओरडला. आम्ही हसलो. मिलिंद हसला नाही.

*

मिलिंद आईला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन परत आला तेव्हा त्यांना घ्यायला अनघा आणि मी एअरपोर्टवर गेलो. त्यांच्या विमानाचे पॅसेंजर बाहेर आले, मग क्रूसुद्धा बाहेर आला. मिलिंद नाही, काकू नाहीत. फोन बंद. अनघा परत परत फोन लावत राहिली.

अखेर ते दोघे आले. मिलिंदचा चेहरा पांढराफटक. काकू त्याचा दंड घट्ट धरून चालत होत्या.

गाडी हायवेला लागल्यावर मिलिंद पुटपुटला, “आई शेजारीच बसली होती. ऑफिसरने विचारलं. मी तिच्याकडे बघितलं, आणि येस म्हणालो.”

तेवढं इंग्रजी काकूंना कळत होतं.

“आई,” तो मागे वळून म्हणाला, “मी तुला सांगणार होतो गं, पण बाबांना काय वाटेल म्हणून...”

काकू खिडकीबाहेरचा बर्फ बघत होत्या. “तू चौथीत होता तेव्हा बाबा ट्रेनिंगला भोपाळला गेले होते. आठवते?”

“हो. येताना माझ्यासाठी कंपासपेटी आणली होती.”

“कंपासपेटी मी आणली होती,” काकू म्हणाल्या. “सीताबर्डीच्या बाजारातून. बाबांना जामीन मिळाला त्या दिवशी.”