एकाचे दहा

आप्पांकडे गिरणीचे पाच शेअर होते, शंभर रुपये दर्शनी किमतीचे. बाजारातला भाव त्याहून बराच वर होता, आणि या शेअर्सचं काम घरात ठरलेलं होतं: ताईच्या लग्नात त्यांच्या पाटल्या व्हायच्या. तोवर आप्पा ते कापडदुकानाच्या तिजोरीत ठेवत आणि लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडत. त्यामुळे प्रमाणपत्रांचे कोपरे हळदीने पिवळे पडले होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीने शेअरची विभागणी केली. शंभराच्या एका शेअरचे दहा रुपयांचे दहा झाले. वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांनी हे असं जाहीर केलं, की जणू ते स्वतःच्या खिशातून वाटत होते. हार झाले, टाळ्या झाल्या. आप्पा पेढे घेऊन घरी आले.

"पाचाचे पन्नास झाले!"

आमची आई, अव्वा, ज्वारी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "नऊवारी लुगड्याचे नऊ तुकडे केले, तर नऊ लुगडी होतात व्हय?"

"तुला धंद्यातलं कळत नाही."

"लुगड्यातलं कळतं की."

पुढे वर्तमानपत्रात गिरणीचा भावही दहाव्या हिश्शावर आला, तेव्हा आप्पांनी ते पान उलटं करून ठेवलं. हळदीची जुनी प्रमाणपत्रं गिरणीत देऊन नवी आणली, कोरी आणि आकाराने लहान.

पण विभागणीचा एक फायदा आप्पांनी शोधून काढला. वार्षिक सभेला आलेल्या प्रत्येक भागधारकाला गिरणी एक चादर देई. शेअर किती, हे कोणी विचारत नसे. माणशी एक चादर. आप्पांनी पन्नास शेअर दहा जणांच्या नावावर केले, प्रत्येकी पाच. ते स्वतः, अव्वा, ताई, मी, दोन काका, त्यांच्या बायका, मामा, आणि होटगीची आत्या. आत्याचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तिला आप्पा म्हणाले, "नाव फक्त लावायचं. शेअर माझेच."

पुढच्या सभेला आम्ही दहाही जण टांगे करून गेलो. चेअरमनसाहेब देशाच्या औद्योगिक भवितव्यावर बोलले आणि मामा घोरले. दहा चादरी मिळाल्या. टांग्यांचं भाडं आप्पांनी हिशेबात धरलं नाही.

मात्र ही युक्ती एकट्या आप्पांना सुचलेली नव्हती. सोलापुरात कापडाचा व्यवहार करणाऱ्याला दहा तुकडे दिसले की तो आधी दहा गिऱ्हाइकं मोजतो. त्यानंतरच्या सभेत मंडपाबाहेरपर्यंत आत्या, माम्या आणि मावश्या बसल्या होत्या. गिरणीने चादर बंद करून माणशी एक हातरुमाल दिला. अव्वाने तो घडी न मोडता आप्पांपुढे ठेवला आणि ती ज्वारी निवडायला बसली.

ताईचं लग्न ठरलं, तेव्हा शेअर विकायची वेळ आली. आता कागदोपत्री मालक दहा होते, म्हणून सह्या दहा जणांच्या हव्या होत्या. काकांनी सही दिली, पण त्याआधी आपण किती मोठं मन दाखवतोय ते सांगितलं. मामाने एक चादर जास्तीची मागून घेतली. राहिली आत्या.

आप्पा मला घेऊन होटगीला गेले. आत्याने चहा दिला, कागद हातात घेतला आणि परत केला.

"म्या न्हाय सही करनार, दादा."

"अगं, पोरीच्या पाटल्या आहेत!"

"पोरगी माजी न्हाय व्हय? पर हे घर रेल्वेचं, जमीन दिराची, भांड्यांवर सासऱ्याचं नाव. डिव्हिडंडचं पाकीट आलं की पोस्टमन माजं नाव घिऊन हाक मारतो. ह्यांचं न्हाय, माजं. तूच नाव लावलंस की."

आप्पा कागद खिशात घालून रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत आले. मग म्हणाले, "कायद्याने तिचंच आहे." हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

पंचेचाळीस शेअर विकले. पाटल्यांना थोडं कमी पडलं. आप्पांनी वरातीसाठी लाल कोटवाला, मोठ्या भोंग्यांचा बँड ठरवला होता. अव्वा म्हणाली, "बँड रद्द करा. सनई पुरे." पाटल्या ठरल्या वजनाच्या झाल्या. आत्या लग्नात सगळ्यांच्या आधी आली, सगळ्यांच्या नंतर गेली, आणि आहेर म्हणून सभेत तिला मिळालेली गिरणीची चादर दिली.

त्यानंतर आमच्या घरात भागधारक एकच उरला. पुढच्या वार्षिक सभेला आत्या होटगीहून आली. तिला एकटीने जायची सवय नव्हती म्हणून आप्पा सोबत गेले, आणि आप्पांसोबत मी. दारावरच्या माणसाने तिची प्रवेशाची चिठ्ठी पाहिली, तिला आत सोडलं आणि आप्पांना अदबीने बाजूला घेतलं. सभा फक्त भागधारकांसाठी होती. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसणारे आप्पा भर उन्हात, सायकलींच्या शेजारी उभे राहिले. आतून टाळ्यांचा आवाज येत होता.

आत्या बाहेर आली. आप्पांना राहवलं नाही.

"डिव्हिडंड किती जाहीर केला?"

"ते तुला सांगाया तू मालक हाईस व्हय?" ती म्हणाली, आणि आत मिळालेला हातरुमाल घाम पुसायला तिने त्यांच्या हातात दिला.