मरायचं नाही, या अटीवरची खोली

सिग्नलला गाड्या थांबल्या की काचेवर टकटक करायची आणि तारेत ओवलेल्या पांढऱ्या चाफ्याच्या जुड्या विकायच्या, यावर युएशियानं आयुष्य काढलं. तैपेईच्या वानहुआ भागात सगळे तिला आमा म्हणत, म्हणजे आजी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पण बाईनं कधी कुणापुढे हात पसरला नाही. मग ती राहायची ती जुनी इमारत पाडायला काढली आणि सत्तरी ओलांडलेली आमा खोली शोधायला निघाली.

खोल्या होत्या हो, ढिगानं होत्या. पण घरमालक आधी तिला नखशिखान्त न्याहाळायचे, मग वय विचारायचे आणि मग म्हणायचे, "अरेरे, कालच गेली." खोटारडे मेले! म्हातारं माणूस खोलीत मेलं तर पुढचा भाडेकरू तिथे पाऊल ठेवायचा नाही, ही त्यांची धास्ती. आमानं केस काळे केले, ओठ रंगवले. एकाला वय साठ सांगितलं, तर तो म्हणाला, "माझी आई साठीची आहे. तुमच्या शेजारी बसवली तर तुमची लेक वाटेल."

शेवटी आमा देवळासमोरच्या दुकानांच्या ओसरीत पुठ्ठा अंथरून झोपायला लागली. पूर्वी तिथे चार माणसं असायची. आता स्वयंपाकी, रंगारी, कालपरवापर्यंत वेळेवर भाडं भरणारे लोक तिथे आले होते आणि पाठ टेकायला जागा मिळायची मारामार होती. त्यात बाईमाणूस. डोळा लागला की कुणीतरी पिशवीत हात घालायचं, म्हणून आमा बसल्या बसल्याच झोपायची.

तिच्याकडून रोज देवासाठी फुलं नेणाऱ्या लिआओबाईंना हे बघवेना. एक दिवस त्या म्हणाल्या, "माझ्या गच्चीवर खोली आहे. पण आमा, स्पष्टच बोलते, राग मानू नका. तिथे मरायचं नाही."

"नाही मरत. मला कुठे घाई आहे?"

"थट्टा नको. देवासमोर सांगा."

दोघी देवळात गेल्या. आमानं उदबत्त्या धरून शब्द दिला, की जिवाला बरं वाटेनासं झालं तर खोली सोडीन. लिआओबाईंनी लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकून कौल लावला. एक पालथी पडली, एक उताणी. देवाला मान्य होतं. देवाला काय, त्याच्या डोक्यावर सोन्याचं छप्पर!

खोली पत्र्याची, पण दाराला आतून कडी होती. पहिल्या दिवशी आमानं ती कडी उगाचच लावली, काढली, पुन्हा लावली. मग पलंगावर आडवी होऊन ती हातपाय पसरून झोपली. किती दिवसांनी!

पुढच्या हिवाळ्यात थंडीची लाट आली आणि आमाला तापानं गाठलं. छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "घरी जाऊन पडून राहा." तेच तर तिला करता येत नव्हतं. तिनं कप विसळून पालथा घातला, अंथरुणाची घडी केली, दाराला कुलूप लावलं आणि संध्याकाळी धापा टाकत बागेजवळच्या रात्रनिवाऱ्यापाशी आली. तिथली रांग रस्त्यापर्यंत गेली होती. म्हातारी बघून लोकांनी तिला पुढे सोडलं.

दारावरच्या जुआंगनं विचारलं, "राहता कुठे, आमा?"

खरं बोलायची खोड नडली. "लिआओबाईंच्या गच्चीवर."

"म्हणजे घर आहे की तुम्हाला! बायकांकडची एकच खाट उरलीय. घर असणारीला दिली तर हे लोक मला फाडून खातील."

"घर आहे रे बाळा, पण तिथे मला मरता येत नाही."

"मग मरू नका."

"मरायचं नाहीच मला. पण आज काही माझा भरवसा नाही."

जुआंगनं तिच्या मागच्या रांगेकडे बघितलं. नियम त्यानं केलेला नव्हता, पण दार त्याच्या हातात होतं. आमा वळली, भिंतीला धरत धरत लिआओबाईंकडे गेली आणि तिनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. लिआओबाईंचा जीव भांड्यात पडला आणि त्याची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी आपली शाल काढून तिच्या अंगावर घातली, पण "राहा" काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.

आमा परत आली आणि तिनं जुआंगपुढे रिकामा तळहात धरला. "आता नाही घर. आता घे मला आत."

खाट त्यानं अडवून ठेवली होती. आमा तिच्यावर पडली ती सकाळपर्यंत हलली नाही. जुआंगला वाटलं, संपली. तो पेज घेऊन आला तर आमा घामानं न्हाऊन उठून बसलेली, डोळे स्वच्छ. बाकीच्या बायका वळकट्या बांधत होत्या, कारण उजाडलं की निवारा रिकामा करावा लागे.

"ताप उतरला की!" जुआंग हसून म्हणाला. "आता काही मरत नाही तुम्ही."

आमाचा हात सवयीनं किल्लीच्या खिशाकडे गेला आणि तसाच राहिला.

"हो ना," ती म्हणाली. "आता राहू कुठे?"